कवितेचा तास आणि एकुलता एक मोबाइल

प्राथमिक वर्गात कविता शिकवताना इंटरनेटवरचे साहित्य कसे वापरावे, याविषयी गेल्या अंकात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रे मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांतून आहेत आणि त्यांतल्या अडचणी एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत, की काही पत्रे एकत्र करून पाचच प्रश्न येथे घेतले आहेत. मी स्वतः परभणी जिल्ह्यात 31 वर्षे वर्गावर होते, त्यांतली शेवटची काही वर्षे मोबाइल हातात घेऊन. त्यामुळे उत्तरांत माझ्या चुकाही डोकावतील.

प्रश्न : आमची शाळा द्विशिक्षकी असून माझ्याकडे पहिली ते तिसरीची मुले एकाच खोलीत बसतात. लोकवर्गणीतून मिळालेल्या टीव्हीला मोबाइल जोडून मी यूट्यूबवरच्या कविता दाखवते. मुले मन लावून पाहतात. पण दुसऱ्या दिवशी विचारले तर चित्र आठवते, ओळ आठवत नाही. त्यात रेंज गेली की सगळा तासच बसतो. माझे कुठे चुकते आहे?
(शिक्षिका, ता. गेवराई, जि. बीड)

उत्तर : आपण वापरत असलेल्या साधनात चूक नाही, क्रम तेवढा उलटा झाला आहे. कविता ही मुलांना आधी ऐकायला मिळायला हवी, आणि तीही समोर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून. आपण तिला पहिल्याच दिवशी पडद्यावर आणतो आणि मग मुले ऐकण्याऐवजी पाहू लागतात.

मी एकदा एका शाळेत पावसाच्या कवितेचा तास पाहत बसले होते. व्हिडिओ रंगीत होता, चाल उडती होती आणि छत्री घेतलेला एक बेडूक कडव्याकडव्याला उड्या मारत होता. तास संपताना मी मुलांना विचारले, की कवितेतले काय आवडले. तर जवळजवळ सगळ्या वर्गाने बेडकाचे नाव घेतले. कवितेत बेडूक नव्हताच. मग बाईंनी टीव्ही बंद केला, दार ओढून घेतले आणि तीच कविता कुठलाही ठेका न लावता सावकाश म्हटली. ती संपल्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "आमच्या पत्र्यावर असाच वाजतो मॅडम, आई काय बोलली ते ऐकूच येत नाही." तिच्या डोक्यातला पाऊस तिचा स्वतःचा होता, आणि बेडूक नाचत होता तोवर त्याला आत यायला जागा मिळाली नव्हती.

म्हणून माझी सूचना अशी, की व्हिडिओ आपण आदल्या रात्री घरी पाहावा. चाल कोणती आहे, ओळ कुठे तोडली आहे, कोणत्या शब्दावर श्वास घेतला आहे, हे आपल्यासाठी ऐकावे. पुष्कळ व्हिडिओंत चाल सिनेमातल्या गाण्यासारखी असते, वाद्ये मोठी असतात आणि शब्द त्यांच्याखाली दबून जातात. अशी चाल खुशाल सोडून द्यावी आणि आपल्याला जमेल त्या साध्या ठेक्यात कविता म्हणावी. गळा गोड नसला तरी चालतो. मुलांना बाईंचा आवाज ओळखीचा असतो आणि एवढे भांडवल पुरते.

वर्गात पहिल्या दिवशी पुस्तके मिटलेली असावीत. आपण दोनदा म्हणावे, तिसऱ्यांदा म्हणताना प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द गाळावा आणि तो मुलांना भरू द्यावा. यमक सापडल्याचा आनंद पहिलीच्या मुलालाही होतो, आणि तीन वर्ग एकत्र असण्याची अडचण येथे सोय होऊन बसते, कारण तिसरीची मुले शब्द पुरवतात आणि पहिलीची त्यांच्यामागून टाळी धरतात. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडावे आणि पाठ झालेली ओळ बोटाने शोधायला लावावी. व्हिडिओ दाखवायचाच असेल तर तो तिसऱ्या दिवशी दाखवावा, आणि दाखवण्याआधी एक काम द्यावे : कवितेत नसलेले असे यात काय काय घुसवले आहे, ते पकडायचे. आता बेडूक नाचला तरी बिघडत नाही, उलट मुले ओरडून सांगतात, की हा कवितेत नाही.

रेंजचा प्रश्न राहिला. पाठ्यपुस्तकातल्या पानावरचा क्यूआर कोड 'दीक्षा' अ‍ॅपमधून स्कॅन केला, की त्या पाठाचे साहित्य उघडते, आणि त्यातले पुष्कळसे अ‍ॅपमध्येच उतरवून ठेवता येते. हे काम तालुक्याच्या गावी किंवा घरी, जिथे रेंज असेल तिथे उरकावे. वर्गात नेटवर अवलंबून राहून तास घेऊ नये, एवढा नियम पाळला तर भारनियमनही फारसे आडवे येत नाही. ध्वनिफितीला टीव्ही लागत नाही, मोबाइल पुरतो.

आपण बीड जिल्ह्यातल्या आहात म्हणून आणखी एक सांगते. दिवाळीनंतर आपल्या पटावरची किती मुले आई-बापांबरोबर ऊसतोडीला जातात, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. माझ्या माहितीतल्या एका शिक्षिकेने हंगामभर दर शनिवारी एक कविता स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पालकांच्या मोबाइलवर पाठवली. व्हिडिओ पाठवला असता तर डेटा संपतो म्हणून कुणी उघडला नसता. दीड मिनिटाचा आवाज मात्र उघडला जाई, आणि सांगली-कोल्हापूरकडच्या फडावरून पोरांच्या आवाजात उलट कविता येत असे, मागे बैलांच्या घुंगरांसकट. मार्चमध्ये मुले परतली तेव्हा त्यांचे पाढे विसरले होते, कविता विसरल्या नव्हत्या. इंटरनेटचा याहून चांगला उपयोग मी तरी पाहिलेला नाही.

प्रश्न : 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी, एका प्रसिद्ध कवीच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली कविता मी चौथीकडून पाठ करून घेतली. कार्यक्रमात पाहुण्यांनी ती त्या कवीची नसल्याचे सांगितले आणि मला संकोच वाटला. इंटरनेटवरची कविता खरी आहे हे कसे ओळखावे? शिवाय एकच कविता तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडते. त्यातली कोणती घ्यावी?
(शिक्षक, ता. सेलू, जि. परभणी)

उत्तर : आपली कविता निदान कार्यक्रमाबरोबर संपली. मी नेटवरून उतरवलेली एक कविता शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून घेतली होती, आणि तिच्या दोन ओळींची अदलाबदल झाली आहे हे मला चार वर्षांनी कळले. तोवर चार इयत्तांनी ती तशीच पाठ केली होती.

तेव्हापासून मी एक साधी कसोटी लावते. कवीचे नाव आहे पण संग्रहाचे नाव नाही, अशी कविता वर्गात न्यायची नाही. खरी कविता कोणत्या तरी पुस्तकातून आलेली असते, आणि ज्याने ती पुस्तकातून उतरवली त्याला पुस्तकाचे नाव देणे जड जात नाही. फिरत्या संदेशांत कवीचे नाव पुष्कळदा नंतर चिकटवलेले असते, कारण मोठे नाव लावले की संदेश पुढे जातो.

पहिला आधार अर्थातच बालभारती. 1967 साली पुण्यात स्थापन झालेल्या या मंडळाची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात विनामूल्य उतरवता येतात, आणि त्यांतली कविता तपासून छापलेली असते. दुसरा आधार मराठी विकिस्रोताचा. तेथे हक्कमुक्त झालेली जुनी पुस्तके ठेवलेली आहेत, आणि ज्या पुस्तकांवर नीट काम झाले आहे त्यांच्या पानात टंकलेला मजकूर व मूळ छापील पानाचे छायाचित्र शेजारी शेजारी दिसतात. लाल खूण असलेले पान अजून तपासलेले नसते, पिवळे एकदा तपासलेले असते आणि हिरवे दोघांच्या नजरेखालून गेलेले असते. शंका आली की छायाचित्राशी ताडून पाहावे. इतर बहुतेक संकेतस्थळांवर ही सोय नाही, म्हणून तेथला पाठ कितीही नेटका दिसला तरी तो ऐकीव समजावा.

आता तीन तऱ्हांविषयी, कारण यातला घोळ निव्वळ निष्काळजीपणाचा नाही. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम लागू झाले आणि ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार गळाले. त्यामुळे त्याआधीच्या कवींची कविता जुन्या छपाईत 'सांवळा' अशी दिसते आणि नव्या पाठ्यपुस्तकात 'सावळा' अशी. दोन्ही बरोबर आहेत. मुलांसमोर नवी ठेवावी. ऱ्हस्व-दीर्घाचे मात्र तसे नाही. बालकवींच्या 'औदुंबर' या कवितेची पहिली ओळ 'घेउन' या शब्दाने संपते, आणि तेथे उ ऱ्हस्व आहे. मोबाइलचा कीबोर्ड किंवा एखादा तत्पर टंकलेखक त्याचे 'घेऊन' करतो, कारण गद्यात तेच शुद्ध. पण ऱ्हस्व अक्षराची एक आणि दीर्घाची दोन मात्रा धरली, तर 'घेउन'च्या मात्रा चार होतात आणि 'घेऊन'च्या पाच. ती ओळ 26 मात्रांची आहे, तिची जोडीदार ओळही 26 मात्रांची आहे. एक मात्रा वाढली, की म्हणताना शेवटी पाय अडखळतो. मुलांना मात्रा मोजायला शिकवण्याची गरज नाही. दोन्ही रूपे फळ्यावर लिहावीत, टाळीवर म्हणून घ्यावीत आणि कोणते अडखळते ते विचारावे. चौथीतली मुले हे अचूक सांगतात, असा माझा अनुभव आहे. 'शुद्ध' केलेल्या प्रती ओळखण्याची सवय शिक्षकालाही अशीच, टाळीवरच लागते.

प्रश्न : आमच्याकडे सेमी-इंग्रजी आहे. इंग्रजी कविता शिकवताना माझेच उच्चार मला खात्रीचे वाटत नाहीत. इंटरनेटवर काही ऐकण्याजोगे आहे का?
(शिक्षिका, ता. परतूर, जि. जालना)

उत्तर : आहे. ब्रिटनमध्ये 'चिल्ड्रन्स पोएट्री आर्काइव्ह' नावाचे विनामूल्य संकेतस्थळ आहे. तेथे मुलांसाठी लिहिणारे कवी आपल्या कविता स्वतः वाचतात, सोबत शब्द दिसतात आणि नाचणारी चित्रे नसतात. आठ-दहा ओळींपलीकडे जाऊ नये, आणि ज्या कवितेत बर्फ, नाताळ किंवा समुद्रकिनारा पानापानावर आहे ती आपल्या मुलांसाठी निवडू नये, नाहीतर कवितेपेक्षा शब्दार्थच जास्त वेळ खातात. उच्चारांची धास्ती मात्र सोडावी. आपण मुलांबरोबर बसून ऐकता आणि त्यांच्याबरोबर म्हणता, हे पाहिले की मुलांचाही संकोच जातो.

प्रश्न : शाळेच्या रजत महोत्सवानिमित्त आवडत्या मराठी बालकवितांची एक पुस्तिका छापण्याचा आणि मुलांनी म्हटलेल्या पाठ्यपुस्तकातील कविता शाळेच्या यूट्यूब चॅनेलवर टाकण्याचा आमचा विचार आहे. नेटवर उपलब्ध असलेली कविता घ्यायला परवानगी लागते का?
(मुख्याध्यापक, ता. उदगीर, जि. लातूर)

उत्तर : नेटवर सापडते म्हणजे मोकळी आहे, असा अर्थ होत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवितेवरचा हक्क कवीच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे राहतो. ही 60 वर्षे निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. बालकवी 1918 मध्ये गेले, केशवसुत 1905 मध्ये गेले. त्यांच्या कविता आपण निःशंकपणे छापाव्यात. साने गुरुजींचे निधन 1950 चे, म्हणजे त्यांचे लेखन 2011 पासून मोकळे झाले. विंदा करंदीकर मात्र 2010 मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या बालकवितांवरचा हक्क 2070 अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचा किंवा प्रकाशकाचा आहे. पुस्तिकेत अशी एखादी कविता हवीच असेल तर प्रकाशकाला पत्र लिहावे. किती प्रती काढणार आणि विकणार की वाटणार, हे स्पष्ट लिहिले तर उत्तर मिळण्यास मदत होते.

वर्गातले काम वेगळे आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने कविता फळ्यावर लिहिणे, उतरवून घेणे किंवा तिच्या प्रती काढणे याला हाच कायदा कलम 52 मध्ये मोकळीक देतो. शाळेच्या कार्यक्रमात शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित मंडळी एवढ्यांपुढे ती सादर करायलाही हरकत नाही. यूट्यूब चॅनेल या मर्यादेत बसत नाही, कारण तेथे श्रोता कोण हे आपल्या हातात राहत नाही. बालभारतीच्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावरच, मंडळाच्या लेखी परवानगीशिवाय त्यातला भाग उद्धृत करू नये, अशी सूचना छापलेली असते. ती आपण सगळे वर्षानुवर्षे न वाचता पान उलटतो. चॅनेलवर टाकायच्या तर जुन्या, हक्कमुक्त कविता घ्याव्यात. मुलांचे चेहरे आणि पूर्ण नावे दाखवण्याआधी प्रत्येक पालकाची लेखी संमती घ्यावी. नुसता आवाज आणि मुलांनी काढलेले चित्र ठेवले तर मला अधिक बरे वाटते, आणि ऐकायलाही ते अधिक छान लागते.

प्रश्न : माझ्या वर्गातली निम्मी मुले तांड्यावरची आहेत. घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलतात. पाठ्यपुस्तकातली कविता त्यांना परकी वाटते आणि नेटवर त्यांच्या किंवा आमच्या भागाच्या बोलीतले काही सापडत नाही. काय करावे?
(शिक्षक, ता. किनवट, जि. नांदेड)

उत्तर : थोडे सापडते, आणि उरलेले आपल्यालाच तयार करावे लागेल. सापडणाऱ्यात पहिले नाव घेईन ते जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाचे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं या अभ्यासकांनी 1980 च्या दशकापासून गावोगावी फिरून बायांच्या तोंडच्या ओव्या जमवल्या. 1,000 हून अधिक गावांतून आलेल्या या ओव्यांची संख्या 1 लाखाच्या वर आहे, आणि आता त्या 'परी' म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संकेतस्थळावर शब्द, आवाज आणि काही ठिकाणी व्हिडिओ अशा रूपात क्रमाने दिल्या जात आहेत. त्यांत आपल्या मराठवाड्याचा, बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांचा आवाज आहे.

सगळ्याच ओव्या मुलांसाठी नाहीत. सासुरवास, मरण, दारिद्र्य यांचे दुःख त्यांत मोठे आहे. भावाच्या, माहेरी न्यायला येणाऱ्या मुऱ्हाळ्याच्या, पावसापाण्याच्या, लेकराच्या कौतुकाच्या ओव्या वेचून घ्याव्यात. दोन ओळींची ओवी तिसरीतल्या मुलाला दोनदा ऐकून येते. शिवाय ती मापात काटेकोर नसते, गळ्यावर बसते. एखादा शब्द लांबवून किंवा गिळून बाई ती जात्याच्या फेऱ्यात बसवते. पुस्तकातल्या कवितेला बिचकणारे मूल येथे बिचकत नाही, कारण असा सूर त्याने घरात ऐकलेला असतो. गंगाखेडच्या जनाबाईच्या अभंगात दळणाचे जाते का येते, हेही मग वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तांड्यावर जात्याच्या ओवीऐवजी होळीला गायली जाणारी लेंगी आहे. ती नेटवर शोधण्यापेक्षा मुलांकडून मागवावी. एका शनिवारी प्रत्येकाने घरच्या आजीकडून किंवा आजोबांकडून एक गाणे ऐकून यायचे, एवढेच काम द्यावे. (काही लेंग्या थट्टेखोर आणि मोठ्यांच्या असतात, कोणती शाळेत चालेल हे आजी स्वतःच ठरवतात, आपण त्यात पडू नये.) मूल वर्गात ती म्हणेल, आपण ती देवनागरीत फळ्यावर लिहावी, आणि लिहिताना मुद्दाम मुलांना विचारत जावे : हा शब्द असाच ना? मग तिचा मराठीत अर्थ मुलेच सांगतील. त्या तासाला शिकवणारे ते आणि शिकणारे आपण असतो, आणि जे मूल जूनपासून एक शब्द बोललेले नसते ते त्या दिवशी सरांचे लिखाण दुरुस्त करते. पुढच्या आठवड्यात पाठ्यपुस्तकातली कविता घेतली, की तिच्यातल्या दोन ओळी गोरमाटीत कशा म्हणाल, असे विचारावे. अर्थ कळला की नाही हे पाहण्यासाठी वेगळी स्वाध्यायपत्रिका काढावी लागत नाही.

रेकॉर्डिंगविषयी दोन व्यावहारिक गोष्टी. आजी शाळेत आल्या तर त्यांना खुर्चीवर बसवून समोर मोबाइल धरू नये. त्यांचा आवाज चोरटा होतो. एका शाळेत आम्ही जुने जाते आणून ठेवले होते. पीठ दळायचे नव्हते, पण आजींनी खुंटा हातात धरल्यावरच त्यांना गाणे सुचू लागले, आणि पहिल्या दोन ओव्यांनंतर त्यांनी ओवीतल्या भावाच्या जागी पुढ्यात बसलेल्या नातवाचे नाव घातले. मोबाइल दगडाजवळ न ठेवता हातभर लांब, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवावा, नाहीतर घरघर तेवढी ऐकू येते. पंखा बंद करावा. सुरुवातीला गावाचे किंवा तांड्याचे नाव आणि तारीख एखाद्या मुलाकडून बोलून घ्यावी. आणि हे रेकॉर्डिंग शाळेपुरते ठेवायचे की बाहेर पाठवले तर चालेल, हे आजींना गाण्याआधी विचारावे. गाऊन झाल्यावर विचारले तर भिडेपोटी त्या नाही म्हणत नाहीत.